शिरपावाचे वर्ष

जयपूर दरबारच्या जुन्या दफ्तरात ‘दस्तूर कौमवार’ या नावाच्या 32 जिल्दा आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पुढे सुमारे दोनशे वर्षे दरबारने कोणाचा, कोणत्या प्रसंगी, काय देऊन मान राखला याची ही खतावणी, आणि ती जातीजमातींच्या अनुक्रमाने लावलेली. संस्थान विलीन झाल्यावर 1955 साली राज्याचे अभिलेखागार स्थापन झाले ते जयपुरातच. पण 1963 साली त्याचे बिऱ्हाड बिकानेरला हलले, आणि त्याबरोबर दरबारच्या अर्जदास्ती, वकिलांचे रिपोर्ट, अखबार आणि या जिल्दाही वाळवंटाच्या कोरड्या हवेत जाऊन राहिल्या. ती हवा माणसाच्या कातडीला जाचते, कागदाला मात्र मानवते.

या जिल्दा उघडून बसणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्यांतील तपशिलाची काटेकोर वृत्ती. कोणी सरदार भेटीस आला, कोणा मुत्सद्द्याच्या घरी लग्न निघाले, कोणाला पुत्र झाला, कोणाचा बाप वारला. प्रसंग लिहिला जातो, मिती लिहिली जाते, आणि मग शिरपावाचे कापड कोणते, थान किती, किंमत काय, घोडा दिला असेल तर घोडा, याची बिनचूक याद लागते. मातमपुरसीचा शिरपाव आणि लग्नाचा शिरपाव एकाच वहीत, एकाच वळणाच्या अक्षरात, सारख्याच निर्विकारपणे मांडलेला आढळतो. परंतु ज्याला तो मिळाला त्याने कोणता पराक्रम केला होता, कोणती विद्या संपादन केली होती, याविषयी ही वही बहुधा मौन पाळते. तरुणपणी मला या मौनाचा राग येत असे. कारकुनाला पागोट्याची किंमत ठाऊक, पागोट्याखालच्या डोक्याची मात्र दखल नाही, असे मी एकदा माझ्या वरिष्ठांजवळ बोलूनही दाखविले होते. ते फारसीत मुरलेले वृद्ध गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “पंडितजी, डोक्यांची किंमत लिहायला घेतली असती, तर 32 जिल्दांत भागलं नसतं, आणि भांडणं झाली असती ती वेगळीच.”

त्यांचे म्हणणे मला पटायला माझे स्वतःचे निवृत्तीनंतरचे हे एक वर्ष लागले. मिरजेहून निघालेला, पुण्याला मोडी आणि थोडी फारसी शिकलेला आणि पोटापाण्यासाठी राजस्थानात येऊन कागदांच्या रुमालांमध्ये आयुष्य घालविलेला मी एक सामान्य दफ्तरदार मनुष्य; माझ्या घरी एकाच वर्षात मुलीचे लग्न निघावे, आईचे सहस्रचंद्रदर्शन व्हावे, खुद्द माझाही चार लोकांत सत्कार व्हावा, आणि या तिहींच्या सांदीसांदीतून, कचेरीच्या घंटेशी आता काही देणेघेणे न उरलेल्या माणसाला लाभते तशी, रिकामी दुपार मनसोक्त वाट्याला यावी, असा योग पूर्वी कधी आला नव्हता आणि पुढे येईल अशी माझी अपेक्षाही नाही.

सत्काराचे आधी सांगून मोकळा होतो, कारण तिन्ही प्रसंगांत तोच सर्वांत आटोपशीर होता. पितृपक्ष सरून नवरात्र लागले होते. गावातल्या एका विद्वत्सभेने पत्र धाडून कळविले की, इतिहासाच्या साधनांची दीर्घकाळ सेवा केल्याबद्दल माझा सन्मान करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब उपस्थित राहावे. सभागृहाच्या मागच्या खोलीत साफा बांधणारा एक कारागीर सकाळपासून येऊन बसला होता. नऊएक मीटर लांबीचे ते लहरियाचे कापड त्याने आपल्या पोऱ्याच्या हाती एका टोकाला दिले, दुसरे टोक माझ्या कपाळाशी आणले, आणि मग पोऱ्या दाराकडून एकेक पाऊल पुढे सरकत असताना त्याने माझ्या डोक्याभोवती पेच मारायला सुरुवात केली. प्रत्येक पेचागणिक अंगठ्याने कडा दाबून बसविताना तो पुटपुटत होता, आणि एकदा मी मान किंचित वळविली तेव्हा “हलू नका हुकुम, नाहीतर नवरदेवासारखा तिरपा जाईल,” असे म्हणून त्याने मला दटावले. पाठीवर सोडलेला शेमला त्याने दोनदा मोजून बरोबर केला. माझ्या डोक्याकडे इतके बारीक लक्ष आजवर दुसऱ्या कोणी पुरविलेले मला स्मरत नाही.

मानपत्र सुरेख हिंदीत होते. त्यात मिरजेचे मेरठ झालेले होते. आणि ज्या फारसी पत्रसंग्रहाचे संपादन दुसऱ्याच एका विद्वानाने केले होते, त्याचे श्रेय भरघोस विशेषणांसह माझ्या पदरात टाकलेले होते. माझी स्वतःची, पुष्कळ डोळे जाळून केलेली सूची कोणाला आठवलेली दिसली नाही. आणि सूचीच्या बाबतीत तसे होणे स्वाभाविकच आहे, कारण सूची वापरणारा मनुष्य ती वापरतो आणि पुढे जातो. मी व्यासपीठावर चढलो तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले वयोवृद्ध पंडित खुर्चीतून निम्मे उठले आणि गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे पुन्हा बसले. राजस्थानातल्या दरबारांत सरदार येताना राजा आसनावरून उठे त्याला ताजीम म्हणत; येतानाच उठला तर इकेरी, जातानाही उठला तर दुहेरी. त्याहून वरचे मान आणखी निराळे: सरदाराने वाकून अंगरख्याला स्पर्श केल्यावर राजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवणे, किंवा खांद्यावर ठेवलेले ते हात परत आपल्या छातीशी नेणे, आणि पायांत सोने घालण्याचा मान तर ज्याला बहाल होई त्याच्या पुढल्या पिढ्या त्या तोड्यांच्या तोऱ्यात जगत. अध्यक्षांचे ते अर्धे उठणे मी अर्धी ताजीम म्हणून मनोमन रुजू करून घेतले.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी फडताळातून आपली आहेराची वही काढली. ही वही आमच्या लग्नापासूनची आहे. तिच्यात कोणाच्या मुंजीत आम्हांला काय आले, कोणाच्या बारशाला आम्ही काय दिले, कोणी दोन पातळे पाठविली आणि कोणी नुसत्याच अक्षता टाकल्या, याची नोंद पत्नीच्या गोल, ठसठशीत अक्षरात लागलेली आहे. त्या रात्री तीत लिहिले गेले: शाल एक, बरी, साफा एक, श्रीफळ एक, मानपत्र चौकटीसह, पुष्पहार. “हारसुद्धा लिहितेस?” मी विचारले. “हार लिहायचाच असतो. शाल मात्र लग्नात तुमच्या मामेभावाला देऊ. त्यांना थंडी फार वाजते,” ती म्हणाली. इतिहासाच्या सेवेविषयी त्या पानावर अवाक्षर नव्हते. बिकानेरच्या जिल्दा लिहिणारे कारकून पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आले तेच माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, इतकी वर्षे चालले होते, आणि ते वाचण्याची विद्या ज्याने पोटासाठी शिकली त्या माणसाला या एका वहीकडे मात्र पाहावेसे वाटले नव्हते.

आणि त्या वेळी ध्यानात आले की, कर्तृत्व न लिहिण्यात त्या कारकुनांची बेपर्वाई नव्हती, एक प्रकारचे शहाणपण होते. माणसाची योग्यता ठरविणे हा वादाचा विषय आहे; तो आला होता, आपल्यात बसला होता, आपण त्याला रिकाम्या हाताने धाडले नाही, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे, आणि वहीत निर्विवाद तेवढेच लिहावे. मेरठचा का होईना, पण मी तेथे होतो, आणि माझ्या डोक्याला कापड कमी पडू दिले गेले नव्हते. मानपत्रातील चुकीची दुरुस्ती करणारे पत्र मी मनात तयार करून ठेवले होते, ते मग लिहिलेच नाही. त्या विद्वानांना मात्र दूरध्वनी करून त्यांचा सन्मान माझ्या हस्ते स्वीकारल्याचे कळविले. ते खळखळून हसले, आणि शालीत आपला अर्धा हिस्सा असल्याचे त्यांनी बजावले.

तसे पाहिले तर पाहुण्याचा मान राखण्यापायी, आम्ही राहतो ते हे सबंध जयपूर शहरच एकदा रंगले. 1876 साली इंग्लंडचे युवराज यायचे होते म्हणून सवाई रामसिंगांनी भिंती गुलाबी करविल्या असे सांगतात. पाहुणा चार दिवसांत गेला, रंग राहिला. युनेस्कोने 2019 साली या परकोटाआतल्या शहराला जागतिक वारशात घेतले. घराला चुना लावायचा म्हटले तरी येथे रंगाची छटा नियमात बसते की नाही ते पाहावे लागते, आणि त्यावरून शेजारीपाजारी जो वितंडवाद चालतो तो ऐकण्यात माझ्या कित्येक दुपारी सत्कारणी लागल्या आहेत.

लग्न मार्गशीर्षात होते. देवउठनी एकादशी झाली की या शहरात वरातींना ऊत येतो, आणि सायंकाळी घोडीवरचा नवरदेव दिसला नाही अशी गल्ली सापडणे मुश्कील होते. आमचे व्याही जयपूरचेच. कापडाच्या व्यापारातले, बोलायला गोड आणि रीतीभातींना पक्के. पत्रिका छापून येताच ते मला सांगायला आले की, पहिली पत्रिका मोती डूंगरीच्या गणेशाला द्यायची. आमच्याकडेही पहिली अक्षत देवालाच, म्हणून मी आनंदाने निघालो. पाहतो तो गाभाऱ्यासमोर पत्रिकांची एवढी चळत लागलेली की, या गावचे एकूण एक विवाह तडीस नेण्याची जबाबदारी एकट्या गजाननावर पडलेली दिसली. पुजाऱ्यांनी आमच्या पत्रिकेवर कुंकू लावले, ती चळतीत ठेवली आणि मागच्या मनुष्याकडे हात केला.

खरा पेच उभा राहिला तो मायऱ्याचा. वधूच्या आईचा भाऊ लग्नाआधी बहिणीच्या दारी वाजतगाजत येतो, बहीण त्याला ओवाळते, तो तिला चुनडी पांघरतो आणि घरच्या लहानथोरांना वस्त्रे देतो. हा मायरा झाल्याखेरीज येथल्या माणसाच्या लेखी लग्नाला लग्नपण येत नाही. “मामासाहेब कधी पधारणार?” हा प्रश्न विहीणबाईंनी इतक्या अगत्याने विचारला की, आमच्याकडे मामाचे काम मुलीला धरून अंतरपाटापाशी आणून उभी करण्याचे, एवढे सांगून भागवावे हा माझा बेत जागीच विरला. माझा मेहुणा सांगलीकडचा शेतकरी, अबोल आणि संकोची. त्याला दूरध्वनीवरून ही रीत समजावून सांगितली तेव्हा पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही, मग तो म्हणाला, “दाजी, ढोल तिथलाच घ्यायचा का?”

तो आला. रेल्वेचा प्रवास आणि पहाटेची थंडी अंगावर घेऊन, गांधी टोपी नीट करीत, दोन ढोलकऱ्यांच्या मागे अवघडून चालत तो आमच्या फाटकाशी थांबला. दारात पाट मांडला होता. त्यावर उभा राहून त्याने पिशवीतून इरकली लुगडे काढले. चुनडीऐवजी हे चालेल का हे विचारायलाही तो विसरला होता. विहीणबाईंनी मागून त्याच्या कानात काय करायचे ते सांगितले, आणि त्याने ते लुगडे, घडीही पुरती न मोडता, थोरल्या बहिणीच्या डोक्यावरून खांद्यांवर पांघरले. बायका मायऱ्याची गाणी म्हणत होत्या. माझी पत्नी, जी आमच्या स्वतःच्या लग्नात रडली नव्हती आणि मुलीच्या पाठवणीलाही रडणार नाही असे सर्वांना सांगून बसली होती, ती त्या जाड काठाखाली तोंड लपवून इतकी रडली की, ढोलकरी वाजवायचे थांबले. मेहुणा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. “काही चुकलं का?” असे त्याने मला हळूच विचारले.

पुढचे सोहळे त्या मानाने सुरळीत पार पडले. सकाळी अंतरपाट आणि मंगलाष्टके, रात्री तोरण आणि फेरे, अशी वाटणी दोन्ही भटजींनी सामोपचाराने करून घेतली होती. जेवणाच्या पंगतीत मात्र सामोपचार नव्हता, आणि आमच्या वरणभाताकडे त्यांच्या मंडळींनी आजाऱ्याच्या पथ्याकडे पाहावे तसे पाहिले.

लग्नाला मिरज, सांगली, पुणे येथून आलेली मंडळी मागाहून शहर पाहायला निघाली. मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या, जोहरी बाजारात रजया, पायांत घालायला जुत्या. सवाई प्रतापसिंगांनी 1799 साली उभारलेल्या हवामहालाच्या 953 खिडक्या खालून मोजण्याचा पोरांचा अयशस्वी प्रयत्न. हे सर्व यथासांग झाले. मी त्यांच्याबरोबर त्रिपोलिया बाजारातून चाललो होतो आणि समोर ईसरलाट दिसत होती. राजमहालच्या लढाईत मराठ्यांना आणि सावत्र भावाच्या इतर कैवाऱ्यांना हरविल्याच्या अभिमानाने जयपूरचा राजा ईश्वरीसिंग याने 1749 साली हा सात मजली मनोरा बांधला, आणि 1750 च्या डिसेंबरात, मल्हारराव होळकर खंडणीच्या थकबाकीसाठी फौज घेऊन शहराजवळ येत असल्याचे ऐकून, त्याने विष घेऊन जीव दिला. त्यानंतर जानेवारी 1751 मध्ये तळावरचे मराठे हे नवे, आखीव-रेखीव शहर पाहायला, देवदर्शन करायला, बाजारहाट करायला कोटाच्या आत आले असताना दरवाजे लावून घेण्यात आले आणि शेकडो मराठे गल्लीबोळांतून कापले गेले. उण्यापुऱ्या सोळा वर्षांपूर्वी, 1735 साली, बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या असता याच शहरात सवाई जयसिंगाने त्यांचे आदरातिथ्य केले होते. शहर तेच, दरवाजे तेच. माझी मामी त्या वेळी एका दुकानाच्या पायरीवर बसून बांगडीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालीत होती. तिला मी यांतले काही सांगितले नाही. तिने दहा रुपये सोडवून घेतलेच.

आईचे सहस्रचंद्रदर्शन माघात केले. हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षे आणि वर सुमारे दहा महिने लागतात हा हिशेब सोपा आहे. पण आईच्या जन्मतिथीचा उलगडा करणे सोपे गेले नाही, कारण ती वद्यातली. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि येथे पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्ही पंचांगांचे गूळपीठ असते आणि वद्य पक्ष लागला की आपला पौष तो यांचा माघ होऊन बसतो. येथल्या गुरुजींनी एक दिवस काढला, मिरजेच्या गुरुजींनी पत्राने दुसरा कळविला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. आईने दोघांचे ऐकून घेतले आणि पौर्णिमाच धरायला सांगितली, कारण तिच्याविषयी कोणाचे दुमत नव्हते.

तुला गुळाची केली. धान्य बाजारातून मोठा काटा भाड्याने आणला होता. त्याच्या एका पारड्यात पाट ठेवून आईला बसविले, दुसऱ्यात भेली रचायला सुरुवात केली. तिची पावले अधांतरी झाली तेव्हा तिने साखळी घट्ट धरली आणि तिच्या ओठांच्या कडा क्षणभर लहान मुलीसारख्या खाली आल्या. काटा स्थिर झाल्यावर सर्वांनी टाळ्या वाजविल्या. “किती भरलं?” तिने विचारले. बेचाळीस किलो, असे मी म्हणालो. “लग्नात यापेक्षा जास्त होतं,” ती म्हणाली, आणि मग गुळाकडे पाहून, “तो वाटा लगेच. मुंग्या लागतील.” सुना-नातवंडांनी दिव्यांनी ओवाळले, नवे जावई तिच्या पाया पडले तेव्हा तिने त्यांना मराठीतून भरभरून आशीर्वाद दिला. अर्धे आयुष्य या प्रांतात काढूनही तिने भाजीवाल्याशी दुसऱ्या कोणत्या भाषेत व्यवहार केलेला नाही, आणि भाजीवाल्याला आता कोथिंबिरीची जुडी अशीच कळते.

या साऱ्या गर्दीच्या अलीकडे-पलीकडे जो मोकळा वेळ सापडला तो मी बहुतेक ब्रह्मपुरीत आणि जंतरमंतरात घालविला. माझ्या व्यवसायात फिरणे नव्हते. आता पायांना चांगले वळण लागले आहे. ब्रह्मपुरीत पौंडरीकांची हवेली आहे. सवाई जयसिंगाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. कोणते व्रत कोणत्या तिथीला, तिथी दुभंगली तर काय करावे, याचा निर्णय देणारा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा जाडजूड निबंधग्रंथ त्यांनी 1713 मध्ये सिद्ध केला, तेव्हा हे शहर वसायला अद्याप चौदा वर्षे अवकाश होता. हवेलीच्या खोल्यांत भिंतींवर मिरवणुका आणि दरबार रंगविलेले आहेत. दुसरे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट. टॉलेमीचा ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला, युक्लिडची भूमितीही आणली, आणि हे सर्व अशा राजाच्या आश्रयाने, ज्याला पंचांगातले गणित आणि आकाशातली वस्तुस्थिती यांत पडलेली तफावत झोप लागू देत नव्हती. या मंडळींनी दक्षिणेतून येथवर येऊन जे केले ते पाहिले म्हणजे मिरजेहून मी केलेल्या स्थलांतराचे मला फारसे अप्रूप उरत नाही.

सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे, आणि त्याच्या कमानीवरून सावली सरकताना डोळ्यांना दिसते, सेकंदाला मिलीमीटरभर. तिथे उभे राहिले की घड्याळ खोटे ठरते, कारण जयपूरचा सूर्य हिंदुस्थानच्या प्रमाण वेळेच्या जवळजवळ अर्धा तास मागे चालतो. आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास गावातले ज्योतिषी या यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतात आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून पावसाचे भविष्य वर्तवितात. मी खाली उभा होतो. वारा पडलेला होता. ध्वज काठीला लपेटून बसला. मग एक झुळूक आली आणि वर एकदम चर्चा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाऊस उत्तम होणार असे छापून आले. वेधशाळेतून वर्तविलेले भविष्य आणि वेधशाळेच्या माथ्यावर चढून वर्तविलेले भविष्य यांतला भेद त्या पंडित जगन्नाथांना काय वाटला असता, याचा विचार करीत मी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

रात्री गच्चीवर गाणे. शेजारचे निवृत्त अभियंता येऊन बसतात, आणि त्यांना एकदा मी केसरबाईंची ध्वनिमुद्रिका ऐकविली. ही कोणती गायकी, त्यांनी विचारले. “जयपूरची,” मी सांगितले, तेव्हा जन्मभर जयपुरात राहिलेल्या त्या गृहस्थांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. अल्लादिया खाँ जन्मले ते जयपूर राज्याच्या उणियारा ठिकाण्यात. पण त्यांची हयात गेली कोल्हापुरास, शाहू महाराजांच्या पदरी, आणि नंतर मुंबईस, जेथे ते 1946 मध्ये निवर्तले. त्यांच्या गळ्यातली ती पेचदार, अनवट रागांची विद्या घेतली गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंनी, कुर्डीच्या मोगूबाईंनी, आणि आज जयपूर घराणे ऐकायचे तर माणसाला महाराष्ट्रात जावे लागते. केसरबाईंचा स्वभाव मानी. रेडिओवर गायला त्यांनी साफ नकार दिला. 1977 साली अमेरिकेने ग्रहमालेच्या पलीकडे जी याने धाडली त्यांतल्या तबकडीवर मात्र त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी गेली. दुसरे यान निघाले 5 सप्टेंबरला, आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला बाई वारल्या. इतका मोठा मान, आणि ज्याच्या दरबारी तो गेला त्याला ना गाणे कळणार, ना गाणारीचे नाव. अभियंता म्हणाले, निदान मेरठ तरी म्हणणार नाहीत.

चैत्रात मुलगी गणगौरीसाठी माहेरी आली. लग्नानंतरची पहिली गणगौर पुजायला नवी नवरी माहेरी येते असा येथला शिरस्ता. होळीनंतरचे सोळा दिवस ती सकाळी दूर्वा आणि पाणी घेऊन मातीच्या ईसर-गौरीपुढे बसत होती, आणि ज्या चैत्र शुद्ध तृतीयेला तिची पूजा संपली त्याच दिवशी तिच्या आईची पितळी गौर पाळण्यात बसली. एका खोलीत गुणे आणि दुसरीत आंबेडाळ-पन्हे. त्रिपोलियातून निघालेली राजघराण्याची गौर पाहायला आम्ही सगळे गेलो. उंट, घोडे, पालख्या, आणि शेवटी दागिन्यांनी वाकलेली ती एकटी, बरोबर शंकर नाही. आईला हे खटकले. ती घरी आल्यावर म्हणाली, “आपली निदान पाळण्यात तरी असते.”

आता पुन्हा पाऊस आहे. परवा मुलीचा दूरध्वनी आला. तिच्या सासरी गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीपासून श्रावण लागला आहे आणि सोमवार सुरू झाले आहेत. आमचा श्रावण अमावास्येनंतर, म्हणजे अजून पंधरा दिवसांनी. त्यांचा राखीला संपेल तेव्हा आमचा ऐन मध्यावर असेल. लग्नानंतरचे पहिलेच वर्ष, सोमवार तर धरायचे आहेत. ते कोणते धरावेत, असे तिने विचारले. मी पौंडरीकांच्या निबंधात काही आधार सापडतो का ते पाहतो म्हणून सांगत होतो, तेवढ्यात आईने हात पुढे करून माझ्याकडून फोन घेतला.

“इकडचे धर आणि तिकडचेही धर,” ती म्हणाली. “शंकराला जास्तीचे चालतात.”

“आजी, सहा सोमवार होतात गं!”

“होऊ देत. साबुदाणा तिकडे चांगला मिळतो का? नाहीतर इथून पाठवते.”

मुलीने फोन आईकडे, म्हणजे माझ्या पत्नीकडे, द्यायला सांगितला, आणि त्यांचे बोलणे पुढे साबुदाण्यावरून रक्षाबंधनाच्या आहेराकडे वळले. पत्नीने मला खुणेने फडताळातली वही आणायला सांगितली. मुलीच्या नणंदेला संक्रांतीला काय दिले होते, ते तिला पाहायचे होते.